तांबडं फोडणारा दिवा

(आकाशवाणीवरील भाषण)



लासूर स्टेशनचा सूर्य घड्याळाच्या मागे चालतो. थोडाथोडका नाही, चांगला अर्धा तास मागे. भारताची प्रमाणवेळ ठरते 82.5 अंश रेखावृत्तावरून आणि ते जातं उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून. आपलं गाव 75 अंशांच्या आसपास. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे साडेसात अंशांना 30 मिनिटं. मिर्झापूरच्या डोक्यावर आलेला सूर्य लासूरच्या डोक्यावर यायला अर्धा तास घेतो, बारा मात्र दोन्हीकडे एकाच क्षणी वाजतात. ही व्यवस्था 1906 सालापासूनची. त्याच्या थोडं आधी निजामाच्या राज्याला मनमाडशी जोडणारी मीटरगेज लाईन इथून सुरू झाली, तेव्हा रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर लावलेली असत. म्हणजे लासूरच्या फलाटावर लासूरची वेळ अशी कधी लागलीच नाही. मुंबईकर याबाबतीत भारी हट्टी. त्यांनी आपली ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत सोडली नाही.

जूनमध्ये याचं कुणाला काही वाटत नाही. पावणेसहा वाजून गेले की सूर्य वर येतोच. खरी गोची होते ती पौषात. जानेवारीत सात वाजतात तरी त्याचा पत्ता नसतो. आणि वाळूजच्या कारखान्यांतल्या पहिल्या पाळीला जाणारी कंपनीची गाडी त्याच्यासाठी थांबत नाही. बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर लवकर नंबरात लावायचा असतो. धारा काढायच्या असतात. पोलीस भरतीच्या तयारीची पोरं काळोखातच रस्त्याने पळत असतात. एवढी सगळी माणसं सूर्याच्या आधी उठतात आणि उठतात ती मोबाईलच्या गजराने दचकून. गजर वाजतो, हात उशीखाली जातो, तो बंद होतो, पाच मिनिटांनी पुन्हा वाजतो. घरातल्या ज्यांना उठायचं नसतं, ती मात्र सगळी जागी झालेली असतात.

माझा भाचा वाळूजला कामाला आहे. त्याने यावर उपाय म्हणून एक दिवा आणला. ताटाएवढा गोल, उशाशी ठेवायचा. उठायची वेळ लावायची, की त्याआधी अर्धा तास तो हळूहळू उजळत जातो. मी म्हटलं, बघू तरी. पहाटे पावणेपाचला खुर्ची टाकून बसलो. पहिली पाच मिनिटं काहीच कळलं नाही. मग खुंटीवरच्या कंपनीच्या शर्टाची कड तांबूस दिसायला लागली. हळूहळू भिंतीवरच्या कॅलेंडरातले मोठे आकडे उमटले, लोखंडी कपाटाची मूठ चमकली. रंग विटकरी होता तो केशरी झाला, केशरीचा पिवळा झाला. सव्वापाचला एकादशी कधी आहे तेही वाचता येत होतं. मी टक्क जागा. भाचा मात्र तोंडावरून गोधडी ओढून गाढ झोपलेला.

‘मामा, आज थंडी फार होती,’ तो उठल्यावर म्हणाला. दोष त्याचा नाही आणि दिव्याचाही नाही. हा दिवा जन्मला थंड मुलखात, जिथे खोल्या तापवलेल्या असतात आणि माणूस तोंड उघडं टाकून झोपतो. आपल्याकडे खोली तापवायची सोय नसते, आपण डोकं गुरफटून घेतो. उजेड पापणीपर्यंत पोचलाच नाही तर तो बिचारा करणार काय?

तिकडे या दिव्याची गरजच वेगळी होती. नॉर्वेत ऑस्लोला डिसेंबरच्या शेवटी सूर्य उगवतो सकाळी नऊनंतर आणि साडेतीनच्या आत मावळतो. अशा ठिकाणी हिवाळा आला की कितीतरी माणसं खिन्न होतात, झोप वाढते, कामात मन लागत नाही. नॉर्मन रोझेंथाल नावाचे मानसोपचारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेतल्या उन्हातून अमेरिकेत गेले. तिथल्या हिवाळ्यात त्यांना स्वतःलाच हे जाणवलं आणि 1984 साली त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं रीतसर वर्णन केलं. त्यावर उपचार म्हणून आधी लख्ख दिव्यासमोर बसवणं सुरू झालं. पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात मायकेल टर्मन यांनी झोपलेल्या माणसाच्या खोलीत नकली पहाट करून पाहिली. आज बाजारात मिळणारे दिवे त्याच वाटेने आलेले आहेत.

मिटलेल्या डोळ्यांनी उजेड कळतो कसा, हे आता थोडं सांगतो. पापणी म्हणजे काही भिंत नव्हे. तिच्यातून थोडा उजेड, त्यातही तांबड्या बाजूचा जास्त, आत जातोच. डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशी असतात हे आपण शाळेत शिकलो. पण 2002 साली अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाच्या डेव्हिड बर्सन यांनी आणखी एका जातीच्या पेशी दाखवून दिल्या. चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. उजेड किती आहे, एवढंच त्या मेंदूला कळवतात. निळसर उजेडाला त्या सर्वात लवकर जाग्या होतात. त्यांचा निरोप जातो मेंदूच्या तळाशी, वीसेक हजार पेशींच्या एका ठिपक्याकडे. शरीराचं घड्याळ ते हेच. काही अंध माणसांना दिसत काही नाही, पण या पेशी शाबूत असतात, म्हणून त्यांची झोपजाग वेळच्या वेळी होते. ज्यांच्या या पेशीही गेलेल्या असतात, त्यातल्या बऱ्याच जणांची झोप मात्र दिवसागणिक पुढे सरकत जाते, कारण आपलं आतलं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित सावकाश चालतं. त्याला रोज सकाळी उजेडाने जागेवर आणावं लागतं.

हा उजेडच मिळाला नाही तर काय होतं, हे मिशेल सिफ्र या फ्रेंच भूवैज्ञानिकाने 1962 साली स्वतःवर करून पाहिलं. घड्याळ न घेता तो आल्प्समधल्या एका गुहेत दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशोबाने तारीख होती 20 ऑगस्ट.

आपल्याकडे उठवण्याचं काम उजेडापेक्षा आवाजाने जास्त केलं, पण तेही हळूहळूच. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात काकडा चाले. टाळ लांबून ऐकू यायचे, झोपेतच अर्धी आरती व्हायची. वासुदेव आला तर आधी गल्लीच्या टोकाला चिपळ्या, मग दारात. आता देवळावर भोंगा आहे, त्यामुळे काकडा एकदम कानात सुरू होतो. आकाशवाणीची सकाळची संकेतधून मात्र अजून तशीच हळुवार आहे. वॉल्टर कॉफमन या निर्वासित संगीतकाराने 1936 च्या सुमारास ती बांधली. मी आकाशवाणीवरून बोलतोय म्हणून कौतुक करतोय असं समजू नका.

आणि कोंबडा? तो उजेड बघून आरवतो असं आपण धरून चाललो होतो. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली कोंबड्यांना सतत अंधुक उजेडात ठेवलं. पहाट झालीच नाही, तरी कोंबडे पहाटेच्या वेळेला आरवत राहिले. त्यांचंही घड्याळ आतच आहे. याच मंडळींनी पुढे असंही दाखवलं की कळपात ज्याचा मान मोठा, तो आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्या मागून. गावच्या राजकारणाची आठवण ज्याला व्हायची त्याला होऊ द्या.

खरं तर आपल्या शेतकऱ्याला हे शास्त्र वेगळं शिकवायची गरज नाही. अंड्यांची पोल्ट्री करणारा पक्ष्यांना रोज 16 तास उजेड देतो, नाहीतर अंडी कमी होतात हे त्याला पक्कं माहीत असतं. ड्रॅगन फ्रूटवाले हंगाम नसताना फळ धरायला रात्री बागेत बल्ब लावतात. कोंबडीच्या आणि झाडाच्या उजेडाचा हिशोब जो इतका चोख ठेवतो, तो स्वतःच्या पोराला रात्री बारापर्यंत अंथरुणात मोबाईल बघू देतो. रात्री उशिराचा उजेड शरीराच्या घड्याळाला मागे ढकलतो, पहाटेचा पुढे ओढतो. रात्री दोन तास मागे ढकलायचं आणि पहाटे तीन हजारांचा दिवा लावून पुढे ओढायचं, याला काय म्हणावं? सात तास झोप झालेल्या माणसाला हा दिवा मदत करतो. उठल्यावरची सुस्ती थोडी कमी होते, चिडचिड कमी होते, असं काही प्रयोगांत दिसलं आहे. पण झोपच चार तासांची असेल, तर सूर्य स्वतः खोलीत आला तरी उपयोग नाही.

आणखी एक माणूस आहे, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. विहिरीवर थ्री फेज लाईट पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी असली की हा माणूस बाराला उठतो, कपाळाला बॅटरी बांधतो आणि गव्हाला पाणी द्यायला जातो. बांधावर साप आहे, बिबट्याची बातमी आहे, थंडी आहे. तीनला परत येऊन आडवा होतो आणि सहाला म्हशी हंबरतात. त्याच्या उशाशी नकली पहाटेचा दिवा ठेवणं ही थट्टा आहे. त्याला लाईट दिवसा पाहिजे. 2017 साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. तिच्याकडे बघताना आपण किती युनिट आणि किती अनुदान एवढंच मोजतो. शेतकऱ्याला परत मिळणारी झोप कुणी हिशोबात धरत नाही.

आता ज्यांना दिवा घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी चार शब्द. वेगळं यंत्रच पाहिजे असं नाही. मोबाईलवरून चालणारा स्मार्ट बल्ब हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि त्यात हळूहळू उजळण्याची सोय असते. साधा एलईडी बल्ब पंख्याच्या रेग्युलेटरला जोडून हा प्रयोग करू नका, तो लुकलुकतो आणि लवकर जातो. उजेड पिवळसर, तोंडाच्या बाजूने येणारा, हात-दीड हात अंतरावर असावा. अर्ध्या तासाची वेळ आपल्याला बरोबर पडते, कारण आपल्याकडे झुंजूमुंजू झाल्यापासून सूर्य दिसेपर्यंत जेमतेम वीस-पंचवीस मिनिटंच जातात. लाईट गेली तर दिवाही गेला, म्हणून ज्या दिवशी गाडी चुकवून चालणार नाही, त्या दिवशी गजरही लावून ठेवा. डोळ्यांचा आजार असेल किंवा मनाच्या आजारावर औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रखर उजेडाचे प्रयोग करू नयेत.

जुन्या माळवदाच्या घरात छताला साणं असायचं. धूर बाहेर जायचा आणि तांबडं फुटलं की तिथूनच पहिला उजेड आत यायचा. आता स्टेशनच्या आजूबाजूला प्लॉटवर स्लॅबची घरं झाली. भिंतीला भिंत लागून, एकच खिडकी, तीही डासांच्या आणि चोरांच्या भीतीने बंद, वर जाड पडदा. अशा खोलीत उन्हाळ्यातसुद्धा आठ वाजेपर्यंत रात्र असते. हा दिवा आपल्याकडे खपतोय तो सूर्य कमी पडला म्हणून नाही.

तेव्हा श्रोतेहो, ज्यांच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, त्यांनी दिव्याचे पैसे वाचवावेत. त्यातल्या थोड्या पैशात सुताराकडून खिडकीला डासांची जाळी मारून घ्यावी आणि पडदा काढून टाकावा. ज्यांना पाळीसाठी उजाडायच्या आधीच निघावं लागतं, त्यांनी दिवा जरूर घ्यावा. मात्र आधी तोंड उघडं ठेवून झोपायची सवय करावी आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा.