अडखळणारी जीभ आणि आकड्यांची नोकरी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीने आम्हाला तरुणांच्या नोकरीविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं. या विषयावरचे वक्ते पुष्कळ आहेत. आम्ही आज एकाच प्रकारच्या मुलांविषयी बोलणार आहोत. जी मुलं बोलताना अडखळतात, ज्यांना आपण वस्तीत सरळ 'तोतऱ्या' म्हणून हाक मारतो, त्यांनी बँकेत, हिशेबात, पैशाच्या व्यवहारात नोकरी धरावी की नाही? आमचं म्हणणं, जरूर धरावी. पण त्यासाठी त्यांनी काय करायचं आणि आपण काय करायचं, दोन्ही बघितलं पाहिजे.

आम्ही गिरणीत साचेखात्यात काम केलं. साचे चालू झाले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालीवर. तिथे अडखळणारा आणि फडाफडा बोलणारा सारखाच. त्याचं कापड बघत, जीभ नाही. आता गिरण्या गेल्या. पोरं बी.कॉम. होऊन काउंटरवर, टॅक्सच्या ऑफिसात, फोनवर बसू लागली. तिथे पहिल्या वाक्यालाच माणसाची किंमत होते. म्हणून हा प्रश्न आपल्या घरात नव्याने आला.

आधी गैरसमज काढून टाकू. लहान मुलांतली शंभरात सुमारे पाच काही काळ अडखळतात. सुरुवात बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात होते. त्यातली बरीचशी आपोआप बरी होतात. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण राहतो, त्यात पुरुष जास्त. हा बुद्धीचा दोष नाही, आईबापाच्या वळणाचा नाही, भित्रेपणाचाही नाही. मेंदूतून बोलण्याची जी जुळणी होते तिच्यातला हा फरक आहे आणि पुष्कळदा तो वंशातून येतो. भीतीने अडखळणं वाढतं, पण भीती हे मूळ नव्हे. हाच मुलगा गाणं म्हणताना, चार जणांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळत नाही. म्हणून वेखंड चाटवणं, शंखातलं पाणी पाजणं, तोंडात खडे ठेवणं याने काही साधत नाही. वाणीतज्ज्ञाकडे न्यावं, लहान वयात नेलं तर जास्त चांगलं.

आता पैशाच्या कामात खरी अडचण कुठे येते ते बघा. अडखळणारा माणूस मोठा हुशार असतो. एक शब्द अडला की पटकन दुसरा शोधतो. 'पाणी' अडलं तर 'प्यायला द्या' म्हणतो. पण स्वतःचं नाव बदलता येत नाही आणि आकडाही बदलता येत नाही. पंचेचाळीस हजार म्हणजे पंचेचाळीस हजारच. खाते नंबर आहे तोच सांगावा लागतो. फोनवर दोन क्षण शांतता झाली की पलीकडचा फोन ठेवून देतो. हे ओझं बाहेरून कुणाला दिसत नाही.

आमच्या पुतण्याचं सांगतो. बी.कॉम. चांगल्या मार्कांनी झाला. एका खाजगी पेढीत मुलाखतीला गेला. नाव सांगायलाच वेळ लागला, तेव्हा साहेब म्हणाले, "इथे फोनचं काम आहे, तुला जमणार नाही." हिशेबाचा एक प्रश्न विचारला नाही. पोरगा चार महिने घराबाहेर पडेना. आम्ही त्याला म्हटलं, अरे, जिथे लेखी आहे तिथून शीर. 1 जानेवारी 2016 पासून केंद्र सरकारच्या खालच्या पदांना मुलाखत राहिली नाही. सरकारी बँकांच्या कारकून भरतीतही आता पूर्व आणि मुख्य अशा दोन लेखी परीक्षा आहेत, मुलाखत नाही. सी.ए.चे तिन्ही टप्पेही लेखी. म्हणजे दारातून आत जायला गुण पुरतात.

तो कारकून झाला. पण अधिकारी व्हायचं तर मुलाखत आलीच. तिथे त्याने लपवालपवी सोडली. बसताच म्हणाला, "मी अडखळतो. थोडा वेळ लागेल, पण उत्तर पूर्ण देईन." पहिल्या खेपेला निवड झाली नाही, दुसऱ्या खेपेला झाली. आता तो कर्जाच्या टेबलावर आहे. हप्त्याचा आकडा सांगताना कागद गिऱ्हाईकाकडे फिरवतो. गिऱ्हाईक वाचतं, हा सावकाश बोलतो. अडखळणं गेलेलं नाही. अडखळत तो काम करतो, एवढंच.

हे आमच्या पुतण्याचंच वेगळेपण नव्हे. लंडनमध्ये अर्न्स्ट अँड यंग या हिशेब-तपासणीच्या बड्या पेढीचे माजी भागीदार इयन विल्की स्वतः अडखळतात. त्यांनी 2013 साली अशा नोकरदारांसाठी मालकवर्गाला एकत्र आणणारं जाळं उभं केलं. आपल्या देशात 2008 पासून 'तीसा' ही अडखळणाऱ्यांची संघटना आहे. तिथे एकमेकांसमोर उघडपणे अडखळायचा सराव करतात. केरळचे 1957 सालचे मुख्यमंत्री नंबुद्रीपाद अडखळत बोलत. त्यांना कुणी विचारलं, तुम्ही नेहमीच अडखळता का? ते म्हणाले, नाही, बोलतो तेव्हाच! असं सांगतात.

मित्रांनो, मुलाने काय करायचं ते सांगितलं. आता आपलं काम. तो बोलत असताना त्याचा शब्द आपण पूर्ण करू नये. 'सावकाश बोल, श्वास घे' हा उपदेश नको, तो त्याने हजारदा ऐकला आहे. नजर हटवू नये. चिडवायचं नाव ठेवू नये. आणि आयाबायांनो, दुकानात त्याच्याऐवजी बहिणीला पाठवू नका. एकदा त्याचं बोलणं दुसऱ्याने करायची सवय लागली की पुढे त्याचा पगार, त्याची बढती, त्याचं लग्नसुद्धा दुसरेच बोलून ठरवतात.

त्याला आपल्याकडून दया नको आहे, वेळ हवा आहे. एक वाक्य पुरं व्हायला लागतो तेवढाच. तेवढा आपण देऊ शकतो. एवढं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जय भीम.