जीप-मोटारीचे टायर : केव्हा बदलावे, कसे निवडावे



बैलबाजारात गेल्यावर आपण आधी काय बघतो? बैलाचे दात बघतो. दुदाती आहे, चौदाती आहे की जुळला आहे, हे कळल्याशिवाय कुणी रुमालाखाली हात घालत नाही. शिंगे साळून, हिंगूळ लावून बैल कितीही देखणा केला, तरी दातांवरून त्याचे वय कळतेच. पण हाच जाणता माणूस जीपला टायर घ्यायला तालुक्याला गेला, की टायरवर नुसता हात फिरवतो, "नक्षी चांगली आहे, द्या बसवून" म्हणतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. टायरचेही वय बघता येते, आणि ते बघायलाच हवे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. आज त्याबद्दल बोलू.

गावातली गाडी चालते तरी किती? बाजाराचा दिवस, दवाखाना, लग्नसराई, एखादी देवाची वारी. एरवी ती अंगणात नाहीतर खळ्यात उन्हात उभी असते. शहरातली टॅक्सी महिन्याभरात जेवढी पळते, तेवढी आपली गाडी कित्येकदा वर्षभरातही पळत नाही. त्यामुळे टॅक्सीचा टायर आधी झिजतो आणि मग बदलला जातो. आपला टायर झिजायच्या आधीच म्हातारा होतो. वरून नक्षी शाबूत दिसते, म्हणून आपण म्हणतो, "अजून दोन वर्षे सहज जातील." फसगत होते ती इथेच.

गावच्या रस्त्यावर, तीस-चाळीसच्या वेगात, असा टायर निभावून नेतो. पण दिवस बदलले आहेत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. आता विदर्भ-मराठवाड्यातला माणूस सकाळी घरची सहा-सात माणसे घेऊन शिर्डीला निघतो आणि ताशी १००-१२० किलोमीटरच्या वेगाने तासन् तास गाडी हाणतो. सिमेंटचा सरळ रस्ता, मे महिन्याचे ऊन, आणि चाकांना खळ्यात आठ वर्षे वाळलेले टायर! २०२३ साली या महामार्गावर गाड्यांचे टायर तपासून, गुळगुळीत टायर असलेल्या गाड्या परत फिरवायला सुरुवात झाली. ते योग्यच झाले. पण नक्षी शाबूत असलेला म्हातारा टायर अशा तपासणीत सुटून जाऊ शकतो. तो ज्याचा त्यानेच ओळखायचा असतो.

रबर म्हातारे होते म्हणजे काय होते? आपल्याच शेतातले उदाहरण घ्या. ठिबकची नळी चार-पाच उन्हाळे उघड्यावर पडून राहिली की वाकवताच कडकन मोडते. ती वापरून झिजलेली नसते, उन्हाने आणि हवेने तिचा जीव गेलेला असतो. टायरचे तसेच आहे. ऊन, उष्णता, हवेतला प्राणवायू आणि ओझोन वायू हे रबराला हळूहळू कडक करतात. त्याचा लवचिकपणा जातो, बारीक भेगा पडतात, आणि आत रबराचे थर एकमेकांना व पोलादी तारांच्या पट्ट्यांना चिकटलेले असतात, ती पकड सैल होत जाते. हा आतला बिघाड बाहेरून दिसत नाही, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. टायरच्या रबरात कारखान्यातच मेणासारखी काही संरक्षक द्रव्ये मिसळतात. चाक फिरते, रबर दबते-ताणते, तशी ती द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात आणि रबराचे रक्षण करतात. उभ्या गाडीत हे काम मंदावते. म्हणून "गाडी फार वापरलेलीच नाही, टायर अगदी नवे आहेत" असे कुणी म्हणाले, तर लगेच मान डोलवू नका. शहरातून जुनी मोटार विकत घेताना हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. त्यावर टायरला काळे पॉलिश मारलेले असते, म्हणजे पुन्हा हिंगूळ लावलेल्या शिंगांचीच गोष्ट.

तर हे वय बघायचे कसे? टायरच्या बाजूवर इंग्रजीत पुष्कळ अक्षरे-आकडे उठवलेले असतात. त्यात एका लांबट गोल चौकटीत चार आकडे सापडतील. पहिले दोन आकडे वर्षातला कितवा आठवडा ते सांगतात आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. समजा, ३२१८ असे आकडे आहेत. म्हणजे हा टायर २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात, ऑगस्ट महिन्यात तयार झाला. पुष्कळदा हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू आत गेलेली असली तर गाडीखाली वाकून, बॅटरीच्या उजेडात बघावे लागते. कपडे मळतील, पण बघा. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याला सांगा, ते मिनिटात शोधून काढील. पाचही टायरचे आकडे गाडीच्या कागदांबरोबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. पाच म्हणतो आहे, चार नव्हे. स्टेपनी पुष्कळांच्या गाडीला पहिल्या दिवसापासून तीच असते, जीपच्या मागच्या दाराला उन्हात टांगलेली, आणि अडल्या वेळी आपण तीच चढवून पुढचा प्रवास करतो.

किती वर्षे झाली म्हणजे बदलावा? पुष्कळ टायर कारखानदारांचे सांगणे असे की पाच वर्षे वापर झाला की दरवर्षी जाणत्या माणसाकडून टायर तपासून घ्यावा आणि तयार झाल्यापासून दहा वर्षे झाली की नक्षी कशीही असो, तो बदलावाच. काही मोटार कारखानदार तर सहा वर्षांचीच मुदत सांगतात. मला विचाराल तर आपल्याकडच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत दहा वर्षांची वाट बघू नये. सहा-सात वर्षे झाली की नव्या टायरच्या पैशांची तजवीज करावी, आणि तोवर त्या गाडीने लांबचा, वेगाचा प्रवास टाळावा.

वयाची वाट न बघता ताबडतोब बदलण्याची कारणेही आहेत. टायरच्या बाजूला फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेले आहेत असे समजा. खड्ड्यात चाक जोरात आपटले की हे होते. त्याला पंक्चरवाल्याकडे औषध नाही. बाजूवर भेग पडून आतले धागे दिसू लागले, किंवा तुरीचा नाहीतर पऱ्हाटीचा खुंट बाजूत घुसून भोक पडले, तरी तेच. पंक्चर काढावे ते रस्त्याला टेकणाऱ्या भागातले, बाजूचे नव्हे. आणि नक्षी झिजली असेल तर खाचांच्या तळाशी बघा, तिथे आडवे बारीक उंचवटे कारखान्यानेच ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खाच १.६ मिलीमीटर उरली. मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीला याहून कमी खोली चालत नाही. पावसाळ्यात तर त्याच्या बऱ्याच आधी बदललेला बरा, कारण खाचांतूनच रस्त्यावरचे पाणी बाहेर निघते.

नवे टायर घेण्याआधी जुने कसे झिजले तेही बघून घ्या. मधोमध झिजले असतील तर हवा जास्त भरली जात होती, दोन्ही कडांना झिजले असतील तर कमी, आणि एकाच कडेला झिजले असतील तर चाकांची रेषा बिघडली आहे. ती आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर नवा टायरही तसाच खाल्ला जाईल.

हवेबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण उन्हाळ्यात टायर फुटला की लोक म्हणतात, "उन्हाने हवा वाढली आणि फुटला." म्हणून पुष्कळजण निघताना चार-पाच पौंड हवा मुद्दाम कमी ठेवतात. हे उलटे आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात. एकच तार वारंवार वाकवली तर ती हाताला गरम लागते आणि शेवटी तुटते, तसेच टायरचे होते. वेग जास्त, वजन जास्त, हवा कमी आणि रबर जुने, हे चारही एकत्र आले की टायर आतून तापून फाटतो. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. माणसे आणि सामान जास्त असेल तर त्याचा आकडा वेगळा असतो. हवा सकाळी, चाके थंड असताना तपासावी. चालून तापलेल्या टायरची हवा मध्येच सोडू नये. नायट्रोजनचे म्हणाल, तर साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा, जादा पैसे मोजण्यासारखे त्यात काही नाही.

आता खरेदीकडे वळू. टायरच्या बाजूवर माप लिहिलेले असते, जसे १८५/६५ आर १५. गाडीला जे माप दिले आहे तेच घ्यावे. जाड टायर घातला की जीप रुबाबदार दिसते खरी, पण तो वळताना कुठे घासतो हे पुढे कळते. मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ८८ एच. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोपर्यंत भार, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत वेग. तुम्ही म्हणाल, २१० चा वेग सोसणारा टायर १०० ला का फुटतो? कारण हा आकडा धडधाकट आणि पुरेशी हवा भरलेल्या टायरचा आहे, आठ वर्षे वाळलेल्याचा नव्हे. नवा टायर घेताना भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर गाडीला नेमून दिलेल्यापेक्षा कमी प्रतीचे नसावे.

आय.एस.आय.चा शिक्का बघावा. मग ते चार आकडे बघावेत. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापर्यंतचा घ्यायला हरकत नाही. त्याहून जुना दाखवला तर, "मागचा दाखवा" असे खुशाल म्हणावे. संकोच कसला? कीटकनाशकाच्या बाटलीवरची तारीख आपण बघतोच ना? स्वस्तात मिळतात म्हणून वापरलेले टायर मोटारीला घेऊ नका. गुळगुळीत टायरवर तापलेल्या हत्याराने पुन्हा खाचा कोरून तो नवा म्हणून गळ्यात मारणारे असतात. अशा टायरच्या खाचांतले ते आडवे उंचवटे कापले गेलेले असतात, त्यावरून ओळखता येतो. रेडियल आणि नायलॉन टायर एकाच आसावर जोडीने घालू नयेत. बिनट्यूबच्या टायरमध्ये ट्यूब घालून वेळ मारून नेण्याची रीतही चांगली नाही, आत घर्षणाने उष्णता वाढते. बिल पक्के घ्या आणि त्यावर टायरचा नंबर लिहून घ्या, त्याशिवाय हमीचा उपयोग होत नाही. मोटारीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तोही बिलात नीट लागला आहे ना, बघून घ्या.

चारही एकदम घेणे झेपत नसेल तर जोडीने दोन घ्या. ते पुढे घालायचे की मागे? दुकानदार बहुधा पुढे घालील. तुम्ही मागे घालायला सांगा. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ ओढत जाते, आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते आणि सामान्य ड्रायव्हरच्या हाती काही उरत नाही. मात्र पुढे राहिलेले दोन म्हातारे असतील तर हा सल्ला लागू नाही, मग चारही बदलायला हवेत. एखादे लग्नाचे भाडे सोडावे लागले तरी चालेल. नव्या टायरवर पहिले दोनेकशे किलोमीटर गाडी बेताने चालवावी, वरचा गुळगुळीतपणा जायला तेवढे लागतात.

इतके करूनही चालत्या गाडीचा टायर फुटलाच, तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवा, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळू काढा आणि वेग कमी झाल्यावर कडेला घ्या.

गाडी उभी असते तेव्हा ती सावलीत ठेवावी, निदान चाकांवर गोणपाट टाकावे. पंधरवड्यातून एकदा ती थोडी फिरवून आणावी. टायरवर डिझेल-ऑइल सांडू देऊ नये.

काढलेल्या टायरचे काय करायचे? ताशी चार-पाच किलोमीटरने चालणाऱ्या बैलगाडीला मापाचा बसत असेल आणि धागे दिसत नसतील, तर तिथे तो अजून काही काळ चालेल. नाहीतर तो दुकानदाराला किंवा भंगारवाल्याला द्या. होळीत जाळू नका, त्या धुराने लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्रास होतो. आणि परसात तसाच टाकून ठेवायचा असेल तर त्याला दोन-चार भोके पाडा. पावसाचे पाणी टायरमध्ये साचले की डेंग्यूचा डास नेमका त्यातच अंडी घालतो.