तलाव वरून राखायचा असतो



उन्हाळा लागला की आपल्या झाडीपट्टीत तलावांच्या पोटात जेसीबी उतरतात. शेजारी पुढारी उभे राहतात, फोटो निघतात. गाळ काढण्याला माझा विरोध नाही. 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, तेव्हा कितीतरी शेतांत चांगली माती पडली. पण हा गाळ येतो कुठून? वरच्या अंगाने, दर मृगाला, आपल्याच शेतांतून आणि गल्ल्यांतून. म्हणून आज तलावाच्या पोटाबद्दल न बोलता त्याच्या येव्याबद्दल, म्हणजे पाणी ज्या उतारावरून येते त्याबद्दल, बोलतो.

पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सहा हजारांच्या वर भरतात. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या मंडळींनी त्यातले बरेच बांधले. पाळ घातली, पाणी सोडायला तुडूम केले, जादा पाण्याला सलंग ठेवली. पण त्यांचे खरे शहाणपण उतारावर दिसते. तिथे एकाखाली एक बोड्या, म्हणजे लहान तळी, होत्या. वरच्या बोडीत पाण्याचा वेग मरायचा, जाड गाळ तिथेच बसायचा आणि निवळ पाणी खाली उतरायचे. ही चाळणी आपण मोडली. बोड्या सपाट करून धानाच्या बांध्या काढल्या, आणि आता तलाव लवकर बुजतो म्हणून कपाळाला हात लावतो.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस होऊ द्या आणि गावाची नाली तलावात पडते तिथे जाऊन उभे राहा. आधी शेणकाला येतो, मग साबणाचा फेस, गुटख्याच्या पुड्या, रस्त्यावरचे डिझेलचे तवंग. उन्हाळाभर साचलेल्या घाणीचा मोठा वाटा या पहिल्या लोंढ्यातच उतरतो. पूर्वी मातीची गल्ली थोडे पाणी पिऊन घ्यायची; सिमेंटचा रस्ता थेंबही पीत नाही.

शेतातून येते ते डोळ्यांना दिसत नाही. युरियातले नत्र पाण्यात विरघळून येते. डीएपीमधले स्फुरद बहुतेक मातीच्या कणाला चिकटून येते. म्हणजे माती वर अडवली तर बरेचसे स्फुरदही अडते. नाही अडवली तर शेवाळ आणि जलपर्णी माजते, कुजते, आणि ढगाळ पहाटे पाण्यातला प्राणवायू संपून मासे वर तोंड काढतात. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना हे मी शिकवायला नको.

नवेगाव बांधचा येवा पाहा. कोलू पाटील कोहळींच्या नावाने सांगितला जाणारा हा तलाव सात बहिणींच्या डोंगरांत आहे, भोवती जंगल. पालापाचोळ्याखालून आलेले पाणी आणि नालीतून आलेले पाणी यांत फरक पडणारच. सगळ्या गावांना असे जंगल कुठून आणणार? पण नालीचे तोंड तलावात सोडण्याऐवजी आधी एका गाळखड्ड्यात आणि तिथून गवताच्या पट्ट्यावर फिरवता येते. काठाने वाळा लावता येतो. बांधीत पाणी भरून धुऱ्यावरून वाहत असताना आणि आभाळ भरून आलेले असताना युरिया फेकायचा नाही, एवढे तर फुकट आहे.

अडचण दुसरीच आहे. 1950च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारचे झाले. मालगुजार परत यावा असे मी म्हणत नाही. त्याची बेगार आपल्या आज्यांनी सोसली आहे. पण आज लहान तलाव जिल्हा परिषदेचा, नाली ग्रामपंचायतीची, टेकडी वनखात्याची आणि मधली शेती ज्याची त्याची. येवा कोणाच्याच दप्तरात नाही. पाळ फुटली तर कोणाला तरी विचारता येते. येवा बिघडला तर कोणाला विचारणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे. गाळ उपसण्याचा ठराव ग्रामसभेत येईल, तेव्हा त्याच ठरावात वरच्या एखाद्या बोडीची दुरुस्ती आणि नालीखालचा गाळखड्डा घाला. जुनी पाणवठ्याची ठिकाणे दुरुस्त करणे रोजगार हमीच्या कामांत बसत आले आहे. बोडी आज ज्याच्या बांधीत गेली आहे त्या शेतकऱ्याशी मात्र आधी बोला, कारण त्याचे पीक बुडणार आहे. त्याला बोडीतल्या मासळीचा वाटा द्यायचा की वर्षाला खंड, हे गावाने त्याच्यासमोर ठरवावे.