‘काका, दुसरा फ्लॅट घेऊ का?’
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस म्हणून आपल्यातले तीन-चार तरुण मला जिन्यात गाठून एकच प्रश्न विचारतात, ‘काका, भाड्यानं द्यायला एखादा फ्लॅट घेऊन ठेवू का?’ सगळ्यांना आज एकदमच उत्तर देतो.

आधी हिशेब. समजा, फ्लॅट ६० लाखांचा आणि भाडं महिना १५ हजार. वर्षाला १ लाख ८० हजार, म्हणजे तीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, दोन भाडेकरूंच्या मधला एखादा रिकामा महिना आणि रंगकाम वजा करा. हाती दोन-सव्वादोन टक्के राहतात. एफडी याहून जास्त देते. जागेची किंमत वाढते म्हणाल, तर वाढतेही; पण ती विकल्यावरच हातात येते. आता ४० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलंत, तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. भाडं १५ हजार. उरलेले जवळजवळ २० हजार दर महिन्याला पगारातून. ‘भाड्यातून हप्ता फिटतो’ हे बिल्डरच्या ऑफिसातलं गणित! घर रिकामं राहिलं तरी सहा हप्ते भरता येतील एवढी शिल्लक असेल, तरच पुढं जा.

आता माझी गोष्ट. निवृत्तीआधी घेतलेला फ्लॅट मी एका ओळखीच्या गृहस्थांना दिला. ‘आपल्यात कसला करार?’ ते म्हणाले, आणि मलाही ते पटलं. एका सहीसाठी लोकांना काउंटरवरून परत पाठवणारा माणूस मी! पहिलं वर्ष भाडं एक तारखेला. मग दहा, मग वीस, मग बंद. दोन महिन्यांचं डिपॉझिट दोन महिन्यांत संपलं. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कागद?’ माझ्याकडे पासबुक होतं, बस्स. दोन वर्षं गेली. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या भाड्यातून करायचं ठरलं होतं, ते पुढं ढकललं. जिना चढताना ती एक अक्षर बोलायची नाही, तेच जास्त लागायचं. शेवटी थकबाकी सोडली, वर टेम्पोचं भाडं मीच दिलं, तेव्हा किल्ली मिळाली.

नंतर कायदा वाचला, आधी वाचायला हवा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाद झालाच तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत समोरच्याचं म्हणणं खरं धरतात. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?’ ही समजूत आपल्याकडे चालत नाही. करार असला आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि भरपाई दुप्पट दरानं मागता येते. नोंदणी आता घरबसल्या अंगठा देऊनही होते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, तीही विसरू नका.

कमिटीलाही एक सांगतो, रागावू नका. शासनाच्या २००१ च्या परिपत्रकानुसार बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आणि भाडेकरू म्हणजे पाहुणा नव्हे. तिसऱ्या मजल्यावरचं भाड्यानं राहणारं कुटुंब गणपतीत आपल्यापेक्षा जास्त राबतं.

हिचं ऑपरेशन नंतर झालं, समोरच बसली आहे. त्या फ्लॅटमध्ये आता दोन नर्स मुली राहतात, रजिस्टर्ड करारावर. कराराची प्रत कोणाला नमुन्यासाठी पाहायची असेल तर संध्याकाळी सहानंतर घरी या. लिफ्ट बंद असेल तर खालून हाक मारा, मी प्रत घेऊन खाली येतो.