दिवाळे कंपनीचे, दावा कामगारांचा
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

कॉम्रेड्स,

कंपनीचे दिवाळे निघाले म्हणजे कारखान्याला कायमचे कुलूप, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. पुनर्रचनेच्या कायद्याचा घोषित हेतू मात्र वेगळा आहे. चालू उद्योग मोडीत न काढता, त्याच्या कर्जाची नव्याने मांडणी करून तो उभा ठेवावा, हा तो हेतू. त्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. कारखाना चालू राहावा म्हणूनच आपण लढत असतो. प्रश्न एवढाच की, या पुनर्रचनेचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला जातो?

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ साली संमत झाली. तिच्यानुसार बँक, माल पुरवणारा व्यापारी, कामगार किंवा खुद्द कंपनीही राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. अर्ज दाखल करून घेतला गेला की संचालक मंडळाचे अधिकार स्थगित होतात, कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो आणि कंपनीविरुद्धचे वसुलीचे दावे थांबतात. ही स्थगिती बँकेला लागू होते, तशीच थकलेल्या पगारासाठी न्यायालयात गेलेल्या कामगारालाही.

कंपनीचे भवितव्य ठरवते ती धनको समिती. तेथे मताचा अधिकार कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांना असतो आणि ६६ टक्के मतांनी योजना मंजूर होते. कामगाराला कायद्याने व्यापाऱ्याच्या पंक्तीला बसवले आहे. या पंक्तीतल्यांचे एकूण येणे कर्जाच्या किमान १० टक्के असेल, तर त्यांचा प्रतिनिधी सभेला बसू शकतो. पण त्याला मत नाही. ज्यांच्या श्रमावर कारखाना उभा राहिला, त्यांनी आपल्या भवितव्याचा निर्णय केवळ ऐकायचा!

मग हात बांधून बसायचे काय? मुळीच नाही. कानपूरच्या एका ज्यूट गिरणीतील सुमारे ३,००० कामगारांच्या वतीने त्यांच्या संघटनेने अर्ज केला. संघटनेला तो अधिकारच नाही, असे खालच्या दोन्ही न्यायपीठांनी ठरवले. परंतु ३० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. पुढे मार्च २०२० मध्ये अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटी रुपयांवर नेण्यात आली. एकट्या कामगाराच्या आवाक्याबाहेरची ही रक्कम आहे. संघटनेच्या मात्र नाही.

दुसरा धडा मुंबईचा. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली. पुनरुज्जीवनाची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली, पण ती प्रत्यक्षात उतरली नाही. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विसर्जनाचा आदेश दिला. मात्र याच प्रकरणात कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटीच्या देण्यांचा प्रश्न अपिलात गेला आणि तो आदेश कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागला. लढणाऱ्यांच्या पदरातच असे निर्णय पडतात.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. जाहीर सूचना निघताच मुदतीत, संघटनेमार्फत, सर्वांचा दावा एकत्र दाखल करा. कारण मंजूर योजनेत नसलेली जुनी येणी संपुष्टात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले आहे. पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीपत्रके आणि निधीचे उतारे आजपासूनच जपा. आणि विसर्जनाची वेळ आलीच, तर २४ महिन्यांपर्यंतची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात, तर भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटी यांच्या निधीला हात लावता येत नाही, हे विसरू नका.

कॉम्रेड्स, समितीत आपल्याला मत नाही; पण आपल्यापाशी संघटना आहे. धनको समितीत मत मिळावे, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. तोवर कायद्याने जे दिले आहे, त्यातला एक रुपयाही अज्ञानापोटी बुडू देता कामा नये.