वाचनालयाच्या संगणकाचा हिशेब



२०१० साली आपण वर्गणी काढून शाळेच्या वाचनालयाला संगणक दिला. खरेदी माझ्याकडे होती. दुकानदार म्हणाला, "विंडोज ७ टाकून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत." मला वाटलं, वर्गणी वाचली. बिलात विंडोजचा उल्लेख नव्हता. कंपनीचं विंडोज घालून आलेल्या संगणकावर तेव्हा पंचवीस अक्षरांच्या कीचं स्टिकर असायचं, तेही नव्हतं. मी पाहिलंच नाही. (पायऱ्या न लिहिता उत्तर काढतो म्हणून गणिताच्या बाई मला उगाच उभं करत नव्हत्या!)

काही महिन्यांनी बाईंचाच फोन. "अरे, पडदा काळा पडतोय. चित्र लावलं की तासाभरात परत काळा. कोपऱ्यात येतं, ही प्रत अस्सल नाही. मुलं विचारतात, बाई, आपला कॉम्प्युटर चोरीचा आहे का?"

मला उत्तर सुचेना.

दुकानदाराने हात वर केले. एक ओळखीचा म्हणाला, "क्रॅक टाकू, दहा मिनिटांचं काम." म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं, आणि त्यातून व्हायरस शिरला तर पुस्तकांच्या सगळ्या नोंदी गेल्या. शेवटी नोंदी पेनड्राइव्हवर घेतल्या, डिस्क फॉरमॅट केली आणि पदरच्या पैशांनी आणलेली मूळ डीव्हीडी टाकली. बिल शाळेच्या नावाने केलं. बाईंनी ते तपासून फाइलला लावलं.

त्या वर्षीच्या हिशेबात मी हे लिहिलं नव्हतं. वर्गणी देणारे आज सगळे समोर आहेत, म्हणून सांगितलं.