कायद्याने घडविलेली गुलामगिरी



गुलामगिरी म्हटली की चाबूक आणि बेड्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु चाबकाला जे साधत नाही ते कायद्याच्या कलमाला साधते. ते कसे, हे आपण इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत पाहू.

या वसाहतीत १६१९ साली आफ्रिकन माणसे आणून विकली गेली, तेव्हा तेथे गुलामगिरीचा लेखी कायदा नव्हता. एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीची आई आफ्रिकन, बाप इंग्रज. मालक मेल्यावर तिची गणना गुलामांत झाली, तेव्हा ती न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे : माझा बाप स्वतंत्र इंग्रज होता, आणि इंग्रजी कायद्याप्रमाणे मूल बापाचा दर्जा घेते, माझा बाप्तिस्मा झालेला आहे, आणि माझ्या चाकरीची मुदत केव्हाच उलटली आहे. १६५६ साली ती मुक्त झाली.

पुढे विधिमंडळाने काय केले? १६६२ साली ठरविले की, मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल. मालकाने दासीवर अत्याचार करावा आणि होणारे मूल त्याच्याच मालमत्तेत जमा व्हावे, असा हा न्याय! १६६७ साली ठरविले की, बाप्तिस्म्याने दास्य सुटत नाही. एलिझाबेथ ज्या दारांतून बाहेर पडली, ती अशी एकेक करून बंद झाली. १६६९ चा कायदा तर म्हणतो की, शिक्षा करताना गुलाम मेला तर तो खून नव्हे. कारण आपली मालमत्ता कोणी जाणूनबुजून नष्ट करील, असे मानता येत नाही. १७०५ साली माणसे स्थावर मालमत्तेत मोडू लागली. मग जमिनीप्रमाणे तीही वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाऊ लागली.

येथे कोणी एका दिवसात राक्षस झाला नाही. प्रतिष्ठित गृहस्थ सभेत बसले, त्यांनी मते दिली, आणि कलमे लिहिली गेली. ती पुसायला १८६५ साल उजाडावे लागले, आणि त्याआधी चार वर्षांचे यादवी युद्ध झाले.

अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले. दास्य देवाने नेमलेले नसून माणसांनी रचलेले असते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून कोणताही कायदा वाचताना आपण एवढेच विचारावे : हे दार कोणासाठी बंद केले?